आधी कार्ड, मग बोलणं

धूमकेतू म्हटलं की लोकांना अर्धं आकाश व्यापणारं शेपूट लागतं. मी ज्याच्याविषयी सांगणार आहे त्याला शेपूट नावापुरतंच आहे. सव्वातीन वर्षांहून थोडा अधिक काळ गेला की तो सूर्यापाशी येऊन जातो, आणि आमच्या आर्णीत एकाही माणसाला त्याचा पत्ता लागत नाही. वर्तमानपत्रात त्याची बातमी येत नाही. दुर्बिणीतून पाहिला तरी काचेवर कुणी श्वास सोडल्यावर उमटतो तसा पुसट डाग दिसतो, तोही धीर धरला तर. या डागामागे मी आणि माझा थोरला भाऊ तीसबत्तीस वर्षं होतो. कशासाठी, असं पुष्कळांनी विचारलं. मी कुणालाच उत्तर दिलं नाही. विचारणाऱ्यांना ते नकोच असतं, त्यांना फक्त डोकं हलवायचं असतं.

भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. वणीजवळ राजूरला कोळशाच्या खाणीत मोजणीच्या कामावर होता, निवृत्त झाल्यावरही तिथेच राहिला. वहिनी लवकर गेली, मुलगा पुण्याला. मी आर्णीत मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं. लग्न केलं नाही, आणि त्याची कारणं इथे सांगण्याइतकी रंजक नाहीत. आम्ही दोघं फारसं बोलणारी माणसं नव्हतो. दिवाळीला भेटलो तरी तासाभरात बोलणं सरायचं, मग भाऊ खुर्चीत पेंगायचा आणि मी भांडी घासायची. पण धूमकेतू यायचा झाला की आमचा टपाल खात्याशी मोठा संबंध यायचा.

आमची पद्धत अशी होती. दोघांनी आपापल्या गावी, आपापल्या दुर्बिणीतून धूमकेतू पाहायचा आणि त्याचं तेज ठरवायचं. तेज ठरवायला मोजपट्टी नसते. धूमकेतू पसरट, तारा टिंबासारखा, दोघांची तुलना करायची कशी? तर दुर्बिणीचं चाक फिरवून ताऱ्याला मुद्दाम धूसर करायचं, धूमकेतूइतका पसरट होईपर्यंत, आणि मग बघायचं की कोण उजळ. नकाशात प्रत्येक ताऱ्यापुढे त्याच्या तेजाची प्रत लिहिलेली असते. दोन-तीन ताऱ्यांशी ताडून पाहिलं की धूमकेतूचा आकडा मिळतो. तो पोस्टकार्डावर लिहायचा, कोणत्या ताऱ्याशी ताडला ते लिहायचं, वेळ लिहायची, आणि कार्ड पेटीत टाकायचं. दोघांची कार्डं पेटीत पडेपर्यंत एकमेकांशी त्या विषयावर चकार शब्द काढायचा नाही. पुढे फोन आले, मोबाइल आले, नियम तोच राहिला.

“एकदा का दुसऱ्याचा आकडा कानावर पडला,” भाऊ म्हणायचा, “का आपला डोया तिकडंच ओढते. मंग दोन माणसं पाहून राह्यले असं नाही होत बाई. एकच माणूस दोनदा पाह्यते.”

त्यामुळे आमच्यातली पोस्टकार्डं वाटेत एकमेकांना ओलांडून जायची. ख्यालीखुशालीचा एक शब्द त्यावर नसे. मला मात्र त्यांची जेवढी वाट पाहावीशी वाटे तेवढी कुणाच्या लांबलचक पत्राचीही वाटली नाही. राजूरला चुन्याच्या भट्ट्यांचा धूर आणि कोळशाची धूळ, म्हणून भाऊ स्कूटरवर दुर्बीण बांधून गावाबाहेर नाल्याच्या बंधाऱ्यावर जायचा. त्या दुर्बिणीचा आरसा त्यानं स्वतः महिनोन्‌महिने घासून केला होता. मी माझ्या घराच्या गच्चीवर, त्यानंच दिलेली दोन डोळ्यांची दुर्बीण गुडघ्यांवर टेकवून बसायची. दोन्ही गावांमध्ये अख्खा जिल्हा. तरी त्या घटकेला तो तिकडे बसला असेल आणि त्याच डागाकडे बघत असेल, एवढं मला पुरायचं.

या धूमकेतूचा इतिहासही आमच्यासारखाच, एकेकट्या माणसांचा आहे. सव्वादोनशे वर्षांपूर्वी तो चार वेळा सापडला, आणि दर वेळी शोधणाऱ्याला वाटलं की हा नवा. पहिल्यानं दोनदा पाहिला आणि गमावला. दुसरी एक बाई होती, इंग्लंडातली. तीही भावाच्या दुर्बिणीपाशी राबणारी, तो सांगेल ते आकडे टिपणारी, आणि सवड मिळेल तेव्हा स्वतः आकाश झाडून काढणारी. तिलाही तो सापडला आणि हातचा गेला. पुढे एका गणितज्ञानं वर्षभर आकडेमोड करून दाखवलं की हे चार नव्हेत, हा एकच, आणि पुन्हा अमुक साली येणार. त्यानं सांगितल्याप्रमाणे तो आला खरा, पण युरोपातून कुणालाच दिसला नाही. पार ऑस्ट्रेलियातून एकानं पाहिला. धूमकेतूला नाव मिळालं ते आकडेमोड करणाऱ्याचं. भावाला हे न्याय्य वाटायचं. मी त्या बाईच्या बाजूची. यावरून आमचं दरवेळी वाजायचं, आणि तेवढंच आमचं मनमोकळं भांडण.

“तिनं पाह्यला ना पण!” मी म्हणायची.

“पाह्यला. पण ओयखला नाही ना.”

आता मुद्द्याचं सांगते. माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं, दोन हजार सतराचा फेब्रुवारी. त्या खेपेला धूमकेतू संध्याकाळी, सूर्य बुडाल्यावर पश्चिमेला दिसणार होता. तास-दीड तासाचा खेळ, मग तोही मावळायचा. आमच्याकडे त्या दिवसांत कापूस वेचून झालेला असतो आणि शेतकरी पऱ्हाटी उपटून ढीग पेटवतात. पश्चिमेला हातभर धूर उभा. त्यात गावच्या यात्रेचे दिवे. मी सहा संध्याकाळी गच्चीवर बसले आणि मला काही दिसलं नाही. सहाही दिवस ‘दिसला नाही’ असं कार्ड टाकायला हवं होतं. नियमच होता तसा, न दिसणं हेही लिहायचं. मी टाकलं नाही. बंधाऱ्यावरून भावाला दिसत असणार हे मला माहीत होतं, आणि लहानपणापासून त्याच्या तोंडून ऐकत आलेलं एक वाक्य माझ्या मनात ठसठसत होतं: तुह्या डोयाले धीर नाही.

सातव्या दिवशी मी गच्चीवर गेलेच नाही. सराव परीक्षेचे पेपर पुढ्यात होते, पाय दुखत होते, आणि मला कंटाळा आला होता. धूमकेतू त्या दिवशी साधारण किती उजळ असेल याचा अंदाज छापलेला असतोच. तो पाहिला. नकाशावर धूमकेतूच्या वाटेत तेवढ्याच तेजाचा तारा शोधला. आणि कार्डावर लिहिलं की आज धूमकेतू पाहिला, या ताऱ्याच्या बरोबरीचा होता. वेळही घातली. चौतीस वर्षं मुलींना प्रयोगवहीत उत्तर आधी आणि निरीक्षण नंतर लिहिल्याबद्दल उभं केलं होतं मी. कार्ड पेटीत टाकून आले आणि पेपर तपासत बसले.

तीन दिवसांनी भावाचं कार्ड आलं. त्यानं दुसऱ्याच दोन ताऱ्यांवरून ताडला होता आणि त्याचा आकडा माझ्यापेक्षा जरासाच वेगळा होता. मला हायसं वाटलं. हे सांगायला आज लाज वाटते, पण तेव्हा वाटलं ते हायसंच.

त्यानंतर भावाचं कार्ड आलं नाही. धूमकेतू अजून दोन आठवडे दिसणार होता, उलट उजळत जाणार होता. मी रोज दुपारी पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसायची. शेवटी फोन केला. तो म्हणाला, “राहू दे ना आता ते. तुही तब्येत कशी आहे?” आवाज थंड नव्हता, पण त्यात कुठे बोट शिरवायला जागा नव्हती. मीही तब्येतीचं सांगितलं आणि फोन ठेवून दिला.

खरं काय ते मला दसऱ्यानंतर कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. फेब्रुवारीतले ते तारे आता संध्याकाळी पूर्वेला वर आले होते. निवृत्त बाई, करायला काही नाही, म्हणून एका संध्याकाळी मी कार्डावर लिहिलेला तो तारा दुर्बिणीतून शोधला. जागेवर होता. पण नकाशातल्या आकड्याच्या मानानं कितीतरी फिका. मला वाटलं दुसराच कुठला पाहते आहे. महिनाभर पाहत राहिले तर तो हळूहळू उजळत गेला. तेज कमीजास्त होणारा तारा होता तो, आणि आमच्या जुन्या नकाशात त्याच्यापुढे तशी खूण नव्हती. नव्या ताराकोशाची पानं चाळून, त्याच्या उजळण्या-मावळण्याच्या फेऱ्यावरून तारखा मागे मोजून पाहिलं. फेब्रुवारीत, मी त्याची बरोबरी धूमकेतूशी लावली त्या आठवड्यात, तो मंदच असणार होता. ज्यानं त्या संध्याकाळी मान वर केली असेल तो माणूस या ताऱ्याचं नाव कार्डावर लिहूच शकला नसता.

म्हणजे भावानं मला पकडलं होतं. कार्ड वाचलं असणार, बंधाऱ्यावरून तो तारा पाहिला असणार, आणि सगळं उमगून एक शब्द न बोलता मला सोडून दिलं असणार. रागावला असता तर बरं झालं असतं. मी त्याच्यावरच चिडले. एवढं काय मोठं केलं मी? जगात कुणाला आमच्या आकड्यांची पडली होती? आणि तरी माझी हिंमत झाली नाही विचारायची. लग्नाकार्यात भेटायचो. तो पाऊसपाण्याचं बोलायचा, मी त्याच्या साखरेचं विचारायची. पुढची खेप आली ती टाळेबंदीच्या उन्हाळ्यात. तेव्हा धूमकेतू आपल्याकडून दिसण्याजोगा नव्हताच, पण मी ‘दिसला नाही’ असं खरं कार्ड टाकलं. उत्तर आलं नाही. त्या महिन्यांत घरात दुसरा आवाज नव्हता. भिंतीवरची पाल चुकचुकली की मी तिला उत्तर द्यायची.

त्यानंतरची खेप दोन हजार तेवीसच्या पावसाळ्याअखेरची. आता तो पहाटे, पूर्वेला. सप्टेंबरभर ढग. मी रोज साडेचारला गच्चीवर जायची आणि रोज कार्ड टाकायची: दिसला नाही. दिसला नाही. पोस्टमन एकदा म्हणाला, “मॅडम, काय हरवलं तुमचं?” मी म्हटलं, “पेटी नीट उघडत जा तुम्ही फक्त.” अशी तीसेक कार्डं झाली. ऑक्टोबरात आकाश धुवून निघालं. एका पहाटे सिंह आणि कन्येच्या मधे, पुसट गोष्ट तिरक्या नजरेला दिसते म्हणून मी नजर थोडी बाजूला केली आणि तो डाग तिथे होता. आधी विश्वास बसला नाही. दुर्बीण काढली, डोळे मिटले, पुन्हा लावली. होता. मी चाक फिरवून दोन ताऱ्यांशी ताडला. मग रडू आलं. आनंद होता की काय होतं ते माहीत नाही. ‘दिसला का तुले?’ असं विचारणारं कुणी नव्हतं.

कार्ड लिहिलं. आकडा लिहिला, तारे लिहिले, आणि खाली उरलेल्या जागेत सहा वर्षांपूर्वीचं खरं काय ते लिहायला घेतलं. पण असल्या गोष्टी उघड्या कार्डावर लिहायच्या नसतात, पोस्टमन वाचतो. मी ते पर्समध्ये टाकलं आणि एसटी धरली. पांढरकवड्याला गाडी बदलली, वणीला उतरून ऑटोनं राजूर. वाटेत सोयाबीनची कापणी चालली होती. मी काय बोलायचं ते घोकत होते आणि ते दर फाट्याला बदलत होतं.

भावानं दार उघडलं आणि चेहरा माझ्या चेहऱ्याजवळ आणला.

“कोण? बाई, तू? अशी न सांगता काहून आली? सगळं ठीक आहे ना?”

त्याची नजर अधू झाली आहे हे ऐकून होते. साखरेनं डोळ्याच्या पडद्यावर परिणाम केला होता, लेझर झालं, इंजेक्शनं झाली. पण भिंतीला हात लावत तो ओट्यापाशी गेला आणि चहाचा डबा वास घेऊन ओळखला, तेव्हा मला कळलं की ऐकणं वेगळं असतं. बाहेरच्या खोलीत दुर्बिणीची जागा रिकामी होती. मी काही विचारायच्या आधी तोच म्हणाला, “या खेपेले दिसला का तुले? आता सूर्यापाशी पोहचतच असंन तो.”

“तुले आठवते?”

“न आठवाले काय झालं? दर खेपेचा हिशेब करतो मी. तेवढं येते मनातल्या मनात.”

मग मला राहवलं नाही. मी विचारलं, “मंग भाऊ, सहा वर्षं झाले, कार्ड काहून नाही टाकलं? माह्या एकाही कार्डाले उत्तर नाही. इतका राग धरते का माणूस?”

“राग?” तो खरोखर गोंधळला. “कायचा राग?”

चहा झाला होता. त्यानं दोन कप भरले, एक थोडा सांडला. मग खुर्चीत बसून तो सांगू लागला. त्या वर्षी डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं की डोळ्यात ठिपके पडायला लागलेत, जिथे ठिपका तिथलं दिसणार नाही किंवा मंद दिसेल. त्याला तसं काही जाणवत नव्हतं. मग माझं कार्ड आलं.

“तू लिवलं होतं का धूमकेतू त्या ताऱ्याच्या बरोबरीचा. मी जाऊन पाह्यलं. तो तारा मले पार मंद दिसला. दुसऱ्या दिवशी गेलतो, आणखीन मंद. बाकीचे बरोबर होते, तोच एक नाही. मंग मले समजलं का डॉक्टर म्हणे तो ठिपका हाच. आर्णीहून तुले चांगला दिसून राह्यला, नकाशातही बरोबर, अन् मले दिसत नाही. म्हंजे डोया गेला आपला.” तो हसला. “चुकीचं लिवण्यापेक्षा न लिवलेलं बरं. दुर्बीण त्याच उन्हाळ्यात इथल्या शाळेले देऊन टाकली. पोरं पाहतीन. अन् या खेपेची तुही कार्डं तर वाचताच नाही आली मले.”

“मले काहून नाही विचारलं?”

“कायले विचारू? तुह्या कार्डावर मी कधी शंका घेतली काय? अन् तुले कायले घोर लावायचा. तू धावत आली असती.”

मी कप खाली ठेवला. घोकलेलं सगळं विसरले होते. सहा वर्षं मी समजत होते की त्यानं मला खोटं बोलताना पकडलं. त्यानं तर माझं खोटं खरं मानून स्वतःचा चांगला डोळा मोडीत काढला होता. त्याच्या मनात दुसरी शक्यताच आली नव्हती.

मी सांगितलं. एका दमात नाही सांगता आलं. धूर, यात्रेचे दिवे, सहा संध्याकाळी, सातव्या दिवशीचे पेपर, छापलेला अंदाज. तो तारा मी पाहिला नव्हता. तो मुळात तेज बदलणारा होता. त्या आठवड्यात तो मंदच होता.

लांब खाणीच्या बाजूला सुरुंगाचा आवाज झाला आणि खिडकीची काच थरथरली. मग त्यानं निरीक्षकानं विचारावं तसं विचारलं, “मंद होता म्हणते, ते तू कायवरून म्हणते?”

“नंतर पाह्यला ना मी. दसऱ्यापासून पुढं, महिनाभर. मागचा हिशेब लावला. त्या दिवसांत तो खालीच असते.”

“म्हंजे मले दिसलं ते बरोबर होतं?”

“बरोबर होतं भाऊ. तुह्या डोयाले काहीच झालं नव्हतं तवा.”

त्याचा चेहरा उजळला. मी हे खोटं सांगत नाही, खरंच उजळला. बहात्तर वर्षांचा माणूस, वर्गात पहिला आल्यासारखा. “पाह्य बरं,” तो म्हणाला, “इतका बारीक फरक पकडला मी, बंधाऱ्यावरून, धुळीतून!” आणि मांडीवर थाप मारली. मला वाटलं, सुटलो आम्ही. पर्समधलं कार्ड काढायला मी हात घातला.

तेवढ्यात तो थांबला. काहीतरी जुळवत होता. मान त्यानं माझ्याकडे वळवली, पण नजर माझ्या खांद्यापाशी कुठेतरी लागली.

“म्हंजे त्या साली,” तो म्हणाला, “मी एकटाच पाहून राह्यलो होतो.”

मी हो म्हटलं.